पुढच्या पंचवीस वर्षांची भाकिते आणि आपला धंदा

२०४७ साली भारत विकसित राष्ट्र होणार, २०५० पर्यंत रस्त्यावर पेट्रोलची गाडी दिसेनाशी होणार, माणसाची निम्मी कामे यंत्रे करणार, जगाची सूत्रे अमेरिकेकडून चीनकडे जाणार, पाण्यावरून देशादेशांत लढाया होणार. अशी भाकिते आज रोज कानांवर पडतात. मोठ्या कारखानदाराकडे ती तपासून पाहण्यासाठी पगारी माणसे असतात. नारायणगडाच्या आसपासच्या गावांत गॅरेज, लोहारकाम, शिलाई किंवा किराणा दुकान चालविणाऱ्या आपल्या बांधवाकडे तसे कोणी नसते. प्रश्न मात्र त्याच्यापुढेही तोच असतो. हाताशी आहे तेवढे भांडवल कशात घालावे? मुलाला कोणता हुन्नर शिकवावा? आज पंधरा वर्षांचा असलेला मुलगा २०५० मध्ये चाळिशीला टेकलेला असेल. म्हणजे ही भाकिते खरी ठरोत की खोटी, त्यांचा हिशेब त्या मुलालाच चुकता करावा लागणार आहे.

म्हणून आज या पानावर आम्ही एका साध्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. दूरच्या काळाविषयीच्या भाकितांतून छोट्या व्यापाऱ्याने आणि कारागिराने घ्यावे काय आणि सोडावे काय?

एकादशीची गर्दी आणि मेळाव्याची गर्दी

बीड जिल्ह्यातील नारायणगडाला लोक 'धाकटी पंढरी' म्हणतात. आषाढी एकादशीला तेथे भाविकांची रीघ लागते. बांगड्या, खेळणी, भांडी, फराळाचे जिन्नस घेऊन जाणाऱ्या विक्रेत्याला ही गर्दी कोणत्या दिवशी येणार, हे वर्षभर आधी कळते. कारण ते पंचांगातच छापलेले असते. माल किती भरावा, एवढाच त्याचा प्रश्न.

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, याच गडावर मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मनोज जरांगे यांचा मेळावा झाला आणि वेगळ्याच प्रकारची प्रचंड गर्दी गडावर लोटली. दसरा दरवर्षीच येतो, पण हा मेळावा कोणत्याही पंचांगात नव्हता. पाच वर्षे आधी कोणी तो सांगितला असता, तर ऐकणाऱ्याने मान डोलावली असती आणि आपल्या कामाला लागला असता.

पुढच्या काळातील घटना अशाच दोन जातींच्या असतात. काही एकादशीसारख्या, म्हणजे ज्यांची बीजे आजच पेरली गेली आहेत आणि ज्यांची गणना करता येते. काही मेळाव्यासारख्या, म्हणजे कोणाच्या तरी एका निर्णयाने, एका आंदोलनाने, एका शोधाने अचानक उभ्या राहणाऱ्या. भाकीत सांगणारे बहुतेक वेळा या दोहोंची सरमिसळ करतात आणि दोन्ही सारख्याच ठामपणे सांगतात. आपले नुकसान होते ते तेथे.

भाकिताची भूक जुनीच आहे. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटात धान्ये मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पीक, राजा आणि देशाची तिजोरी यांविषयी अंदाज सांगितले जातात. त्याला शास्त्राचा आधार नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते सांगत आले आहेत. तरी शेतकरी आणि व्यापारी तेथे जमतात. कारण उद्याची धास्ती मोठी असते आणि धास्तीला काहीतरी उत्तर हवे असते. शिकल्या-सवरलेल्या जगालाही ही भूक आहे. तेथे घटाच्या जागी आलेख असतो, इतकेच.

मोठमोठ्यांचे अंदाज का फसले?

१९७९ साली अमेरिकेतील प्राध्यापक एझ्रा व्होगेल यांचे जपानच्या यशावरील पुस्तक गाजले. जपान अमेरिकेला मागे टाकणार, असे पुढची दहा वर्षे सगळीकडे बोलले जात होते. २९ डिसेंबर १९८९ रोजी जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला. त्यानंतर तो जो कोसळला, तो त्याच पातळीवर परत येण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. ज्याने त्या शिखरावर पैसे लावले, त्याला मुद्दल परत दिसायला ३४ वर्षे लागली. त्याच सुमारास सोव्हिएत संघ हा दुसरा महाबलाढ्य देश मोडणार, असे म्हणणारे विरळाच होते. तो डिसेंबर १९९१ मध्ये मोडला.

आपल्या कारागिरांना अधिक जवळची गोष्ट धातूंची आहे. पॉल एर्लिख या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये असे भाकीत केले की लोकसंख्या इतकी वाढते आहे की सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसे उपासमारीने मरतील. ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाला ते पटले नाही. १९८० मध्ये दोघांनी उघड पैज लावली. तांबे, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातूंचे भाव दहा वर्षांत वाढतात की उतरतात, हे पाहायचे ठरले. त्या दहा वर्षांत जगाची लोकसंख्या ८० कोटींहून अधिक वाढली. तरीही १९९० मध्ये महागाई वजा जाता पाचही धातू स्वस्त झालेले निघाले आणि एर्लिख यांनी ५७६ डॉलर ७ सेंटचा धनादेश पाठवून दिला. मात्र सायमन यांनाही फार शाबासकी देण्याचे कारण नाही. दुसऱ्या एखाद्या दशकावर पैज लागली असती, तर निकाल उलटा लागला असता, असे नंतर हिशेब करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. पैज जिंकणे वेगळे आणि भविष्य कळणे वेगळे.

या पैजेतील कथील आपल्या ओळखीचे आहे. कल्हई त्याचीच. गल्लोगल्ली भाता घेऊन फिरणारा कल्हईवाला पुष्कळ ठिकाणी आपल्याच समाजाचा असे. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय कथील परिषदेचा कारभार कोसळला आणि जगाच्या बाजारात कथिलाचे भाव पडले. कागदावर पाहिले तर कल्हईवाल्याला हे सुगीचे दिवस यायला हवे होते. प्रत्यक्षात तो धंद्यातून उठला, कारण घराघरांत तांब्या-पितळेच्या जागी स्टीलची भांडी आली. कथील स्वस्त की महाग, हा प्रश्नच उरला नाही.

आमच्या मते दूरच्या भाकितांचा हा सर्वांत मोठा धडा आहे. भाकीत करणारा एकच रेघ धरून पुढे जातो. लोकसंख्येची रेघ, भावाची रेघ, तेलाची रेघ. आपल्या धंद्यावर घाव येतो तो मात्र बाजूने. उर्दू वर्तमानपत्रांत हाताने मजकूर लिहिणाऱ्या कातिबांना शाई महागल्याने काही झाले नाही. १९८१ मध्ये नूरी नस्तालिक ही अक्षरे संगणकावर आली, १९९४ मध्ये इनपेज आले आणि काही वर्षांत किताबतीच्या बैठका उठल्या. पाट्या रंगविणाऱ्या पेंटरला दुसऱ्या पेंटरने हरविले नाही, फ्लेक्सच्या यंत्राने हरविले. एस.टी.डी. बूथ चालविणाऱ्याला शेजारच्या बूथची भीती होती. त्याचा धंदा मोबाइलने नेला.

'काय' कळते, 'केव्हा' कळत नाही

बीड जिल्ह्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. रेल्वे येणार, हे भाकीत खोटे नव्हते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे (तेच पूर्वीचे अहमदनगर) पहिली गाडी सुटली. मधल्या काळात तीस वर्षे गेली आणि सुमारे साडेतीनशे कोटींचे काम चार हजार आठशे कोटींवर गेले.

आता समजा, एखाद्या दुकानदाराने १९९५ मध्ये कर्ज काढून नियोजित स्टेशनालगत गाळा घेतला असता. त्याचा अंदाज बरोबर होता, तरी तो बुडाला असता. कारण कर्जाचे हप्ते दर महिन्याला येतात, रेल्वे तीस वर्षांनी येते. या तीस वर्षांत ज्याची फारशी चर्चा नव्हती, तो धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला. मालवाहतूक ट्रकवर राहिली. टायर, पंक्चर, बॉडीकाम, ढाबे यांचा धंदा नव्या रस्त्याच्या कडेला सरकला. ज्यांनी रस्त्याकडे पाहिले, त्यांना रोजी मिळाली.

म्हणून कोणतेही भाकीत ऐकले की आधी विचारावे, हे 'काय' सांगते आहे की 'केव्हा'? 'काय' एक वेळ मानता येईल. 'केव्हा'वर कर्ज काढू नये.

डॉ. कलाम यांचे २०२०

या संदर्भात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव घ्यावेच लागेल. रामेश्वरमच्या एका साध्या नाववाल्याचा हा मुलगा 'टायफॅक' या सरकारी संस्थेचा अध्यक्ष असताना शेकडो तज्ज्ञांनी मिळून २०२० साठी तंत्रज्ञानाचा आराखडा केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर आधारित 'इंडिया २०२०' हे पुस्तक डॉ. कलाम यांनी वाय. एस. राजन यांच्यासह १९९८ मध्ये लिहिले. २०२० पर्यंत भारत विकसित देशांत गणला जावा, असे त्यात म्हटले होते.

२०२० उजाडले. मार्चच्या २५ तारखेपासून सारा देश टाळेबंदीत गेला आणि मजूर रस्त्यांनी पायी घरी निघाले. मग कलाम चुकले काय? आम्हास तसे वाटत नाही. त्यांनी भविष्य सांगितले नव्हते, उद्दिष्ट ठरविले होते. शेती, प्रक्रिया उद्योग, आरोग्य, दळणवळण यांत काय काय करावे लागेल, याची यादी दिली होती. जे करायचे तेवढे झाले नाही, म्हणून उद्दिष्ट गाठले गेले नाही. आजचे 'विकसित भारत २०४७' हेही उद्दिष्टच आहे. उद्दिष्टाचा उपयोग काम ठरविण्यासाठी करावा. ते घडणारच, असे धरून माल भरू नये.

याच्या उलट उदाहरण आहे ते १९९९ सालचे. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री संगणक '००' हे वर्ष १९०० समजतील, बँका आणि विमाने बंद पडतील, अशी जगभर घबराट होती. १ जानेवारी २००० शांतपणे उजाडला. लोक हसले. पण त्याआधी काही वर्षे अनेकांनी, त्यांत भारतीय संगणक अभियंत्यांनीही, दिवसरात्र बसून त्या चुका दुरुस्त केल्या होत्या. भाकीत ऐकून माणसे वेळीच कामाला लागली, म्हणून ते खोटे ठरले. त्या दुरुस्तीच्या कामाने आपल्या देशातील संगणक कंपन्यांना परदेशात ओळख आणि पैसा मिळवून दिला.

ह. यूसुफ (अ.) यांची गोष्ट आपण सर्व जाणतो. सात वर्षे सुगीची आणि सात दुष्काळाची, असा इशारा त्यांना मिळाला. तो ज्ञान देणाऱ्याकडून मिळालेला होता. आजच्या कोणत्याही तज्ज्ञाला तो दर्जा नाही, कारण गैबचे ज्ञान माणसाकडे नाही. पण इशारा मिळाल्यावर काय केले, ते व्यापाऱ्याने पाहण्यासारखे आहे. धान्य कणसातच ठेवले, म्हणजे टिकेल. खर्च आवरला. कोठारे भरली आणि दुष्काळात ती लोकांसाठी उघडली.

आज काय एकादशीसारखे आहे?

आता आपल्या कामाच्या गोष्टी. पुढच्या पंचवीस वर्षांतील तीन गोष्टींची बीजे आजच पेरलेली आहेत.

पहिली गोष्ट माणसांची. २०५० मध्ये पंचवीस वर्षांवरील प्रत्येक माणूस आजच जन्मलेला आहे किंवा जन्मण्याच्या बेतात आहे. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा की भारताची लोकसंख्या या शतकाच्या साठाव्या दशकात सुमारे १७० कोटींवर जाऊन मग उतरू लागेल. महाराष्ट्रात तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण १.७ आढळले. देशभरातील मुस्लिम कुटुंबांतही हे प्रमाण १९९२-९३ मध्ये ४.४ होते, ते २.४ च्या आसपास आले. याचा अर्थ धंद्याच्या भाषेत असा की खेळणी आणि शाळेचे गणवेश यांची गिऱ्हाइके हळूहळू कमी होतील, चष्मे, औषधे, आरामशीर चपला आणि आजारी माणसाच्या खाटा यांची वाढतील. आणि चार भावांत एक तरी बापाच्या गादीवर बसेल, हा जुना भरवसा राहणार नाही. हुन्नर पुढे जायचा असेल तर बाहेरचा शागीर्द घ्यावा लागेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. बीड हा पर्जन्यछायेतील जिल्हा. २०१२ आणि २०१५ चे दुष्काळ अजून विसरले गेलेले नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जग तापते आहे आणि पावसाची लहर वाढते आहे, यावर शास्त्रज्ञांचे एकमत आहे. पुढचा दुष्काळ कोणत्या वर्षी, हे कोणी सांगू नये. पण पंचवीस वर्षांत एकही येणार नाही, असे धरून चालणारा व्यापारी शहाणा नव्हे. कमी पाण्यावर येणाऱ्या मालाकडे लक्ष द्यावे. बालाघाटच्या डोंगरउतारावरचे सीताफळ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गर काढून थंड ठेवणे, पेट्या बांधणे, वाहतूक करणे यांत बागवान बांधवांना काम आहे.

तिसरी गोष्ट इंजिनाची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. पेट्रोल पूर्ण केव्हा जाईल, हे 'केव्हा' आहे, ते सोडून देऊ. पण विजेवरची स्कूटर गावात आली आहे, तिच्यात पिस्टन, प्लग, क्लच प्लेट, इंजिन ऑइल यांपैकी काही नाही. टायर, ब्रेक, शॉकअप, बेअरिंग आणि वायरिंग मात्र आहेच. जो मेकॅनिक वायरिंगला हात लावत नाही, 'ते इलेक्ट्रिशियनचे काम' म्हणतो, त्याने मुलाला तरी वायरिंग, मीटर धरणे आणि बॅटरी तपासणे शिकवावे. पेट्रोल राहिले तरी ते कामास येईल, गेले तरी येईल.

आणि मेळाव्यासारखे काय?

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. येथे 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल हातात पडते तेव्हा बाजारात पैसा खेळतो. लोहार कोयते करून देतो, दुकानदाराची उधारी फिटते, कपडा विकला जातो. ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत. ती सगळे फड ताब्यात घेतील की नाही, हे ऊसदर, सरकारी अनुदान, मजुरी आणि शेताचा आकार यांवर ठरेल. हा 'केव्हा'चा प्रश्न आहे. पण ज्याची सगळी विक्री उचलीच्या पैशावर उभी आहे, त्याने एका खांबावर छप्पर टाकले आहे, हे आजच ओळखावे. यंत्रालाही पाती लागतात, झाळकाम लागते. कोयत्याला धार लावणारा हात ते शिकू शकतो.

राजकारण तर पूर्ण मेळाव्याच्याच जातीचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क बसविले. कापड उद्योगाला दिलासा म्हणून आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरील ११ टक्के शुल्क माफ केले आणि ती मुदत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढविली. वॉशिंग्टनमधील निर्णयाची झळ नव्या कापसाच्या तोंडावर मराठवाड्याच्या बाजारापर्यंत आली. एक वर्ष आधी हे कोणाच्या हिशेबात नव्हते. अशा घटना ओळखता येत नाहीत. त्या सोसता येतील, एवढीच तयारी करता येते.

पैशाचे नियम

या सर्वांवरून आम्ही आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे काही गोष्टी ठेवतो.

भाकीत सांगणारा काय विकतो, ते आधी पाहावे. प्लॉट विकणारा शहर वाढणार म्हणतो, विमा विकणारा आजार वाढणार म्हणतो, क्लास चालविणारा तुमचा धंदा बुडणार म्हणतो. ते खोटेच बोलतात असे नाही, पण त्यांची गरज आपल्या गरजेहून वेगळी आहे.

नवा धंदा चालू धंद्याच्या नफ्यातून, लहान तुकड्याने सुरू करावा. राहते घर किंवा बायकोचे दागिने भाकितावर लावू नयेत.

दोन कामांना चालेल असे हत्यार घ्यावे. एकाच कंपनीच्या एकाच मालाला लागणारे यंत्र कितीही आधुनिक असले तरी ते बाजूच्या घावाला सर्वांत आधी बळी पडते.

निदान तीन महिन्यांचा घरखर्च आणि दुकानभाडे बाजूला ठेवावे. टाळेबंदीत ज्यांच्याकडे तेवढे होते, त्यांना स्वस्तात माल फुंकावा लागला नाही. कणसातले धान्य म्हणतात ते हेच.

शेवटची सूचना अगदी बिनखर्चाची आहे. दरवर्षी आपण जकातीचा हिशेब करतो, तेव्हा वही उघडतोच. त्या वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या धंद्याविषयी ऐकलेली चार-पाच भाकिते तारीख घालून लिहावीत. कोणी सांगितले, तेही लिहावे. पुढच्या वर्षी त्याच वेळी ती वाचावीत. पाच वर्षांत कोणाचे ऐकावे आणि कोणाचे ऐकून सोडून द्यावे, हे त्या पानावरून कोणत्याही तज्ज्ञापेक्षा चांगले कळेल. मुलगा दुकानात बसू लागला असेल, तर ते पान त्याच्याच हाताने लिहून घ्यावे.